आधी हिशेब, मग शांती

मंडळीचा खजिनदार असताना मी मंडळीचे पैसे धंद्यात घातले, ते बुडाले, आणि जवळपास वर्षभर मी कोणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. त्या वर्षात मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात कधी केली नव्हती, आणि जितका बेचैन होतो तितकाही कधी नव्हतो. प्रभू येशूवरच्या विश्वासानं मनाला शांती मिळते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि पुढे दुसऱ्यांनाही सांगत आलो. ती मिळते, मलाही मिळाली. पण ती यायच्या वाटेवर मीच धोंडा टाकला होता, आणि देव ऐकत नाही म्हणून देवालाच बोल लावत होतो. माझ्यासारखं आणखी कोणी वाट अडवून बसलं असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडात आमची ख्रिस्ती घरं थोडी. गावात आम्ही सगळ्यांत मिसळून राहतो. गिऱ्हाईक सगळ्या समाजांचं, सणावाराला एकमेकांकडे जाणंयेणं. आमच्या घरात विश्वास आला तो वाशीमच्या बाजूनं. नाझरीन मिशनचं काम आधी बुलडाण्याला होतं, 1930 नंतरच्या दशकात ते वाशीमला आलं. 1936 साली डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या तरुण बाई अमेरिकेहून इकडे आल्या आणि 1938 मध्ये त्यांनी वाशीमला दवाखाना सुरू केला. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल असं त्याचं नाव, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो मिशन दवाखानाच. माझी आजी तिथं कामाला होती. बाळंतिणींची धुणी, पाणी तापवणं, रात्रीची जागरणं, अशी तिची नोकरी. ती फार शिकलेली नव्हती, पण हिशेबाला पक्की. दुसऱ्याचा रुपया उशाशी असला की झोप लागत नाही, असं ती म्हणायची. ते मला फार उशिरा पटलं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या भागात हा धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये पाऊस पडला की शेतकरी बियाण्याच्या बॅगा आणि खत घेऊन जातो, पुढे फवारणीची औषधं नेतो, आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान सोयाबीन बाजार समितीत गेलं की पैसे आणून देतो. तोवर मी ठोक व्यापाऱ्याचा देणेकरी असतो. पीक साधलं तर साखळी चालते. शेंगा भरताना पावसानं दडी मारली, किंवा काढणीच्या वेळी तो कोसळला, तर शेतकरी अडतो, मी अडतो, आणि माझ्या दारात वसुलीचा माणूस बसतो. अशी दोन-तीन वर्षं मी काढली होती, त्यात कोरोनाचा काळ आला.

मंडळीचा माझ्यावर विश्वास होता. दुकानदार माणूस, हिशेब चांगला ठेवील, म्हणून खजिनदारी माझ्याकडे दिली होती. आमच्या प्रार्थनाघरावर टिनपत्रे होते, ते गंजले होते. स्लॅब टाकायचं सगळ्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी कित्येक वर्षं पैसा पैसा जमा झाला होता. निंदण-खुरपणाला जाणारी एक म्हातारी हंगाम संपला की रुमालाची गाठ सोडून नोटा माझ्या हातावर ठेवायची, पावती घ्यायची आणि ती पवित्र शास्त्राच्या पानांत घालून ठेवायची. त्या पैशाची रक्कम चार लाखांच्या वर गेली होती. बँकेच्या खात्यावर माझी आणि सचिवांची सही लागायची. घाईच्या वेळी अडचण नको म्हणून सचिवांनी विश्वासानं काही चेकवर आधीच सह्या करून दिलेल्या होत्या.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता 3950 रुपये. ज्यानं माल राखून ठेवला तो बाजारात राजा झाला. मोंढ्यात जो तो म्हणत होता की भाव अजून वर जाणार. मला वाटलं, देवानं दार उघडलं. मंडळीचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत, दोन महिन्यांत फिरवून परत ठेवू, माझं देणं फिटेल आणि नफ्यातला अर्धा हिस्सा स्लॅबला देऊ. त्या रात्री मी दुकानात गुडघे टेकून हे सगळं देवापुढे मांडलं. त्याच्याकडून उत्तर येण्याची वाटही पाहिली नाही. सकाळी चेक लिहिला आणि साठवणीतला जुना माल घेतला.

आम्ही नवस करत नाही, असं मी अभिमानानं सांगायचो. मी केलं ते दुसरं काय होतं? तो नवसच होता, आणि तोही दुसऱ्याच्या पैशावर. माझी पहिली चूक पैशाला हात लावण्याच्याही आधीची आहे. देवाला मी धंद्यातला भागीदार करून टाकलं, म्हणजे जबाबदारी त्याची आणि सही माझी.

त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. सप्टेंबरात नवा माल यायला लागला, आणि महिनाअखेरच्या पावसानं उभं पीक पाण्यात गेलं. भाव बघता बघता निम्म्यावर आला. मी माल धरून ठेवला, मग वसुलीचा तगादा वाढला तेव्हा पडत्या भावात विकला. जे हाती आलं ते व्यापाऱ्याच्या देण्यात गेलं. मंडळीच्या खात्यात काही उरलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला पैशापेक्षा जड जातं.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला मंडळीत वार्षिक हिशेब वाचला जातो. मी उभा राहिलो आणि पूर्वीचीच शिल्लक वाचून दाखवली. वही उघडीच होती, कोणी मागितली असती तर मी तिथंच पकडला गेलो असतो. कोणी मागितली नाही. उलट हिशेब चोख ठेवल्याबद्दल माझ्यासाठी आभाराची प्रार्थना झाली. मी डोळे मिटून आमेन म्हणालो. त्याच महिन्यात एका घरप्रार्थनेत मी साक्षही दिली. धंद्यात वादळ आहे, पण प्रभूनं मला शांत ठेवलं आहे, असं मी बोललो. लोकांचे डोळे भरून आले. एक तरुण मला म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा विश्वास आमाले भेटला पायजे." घरी येताना मला ओकारी आली.

खोटेपणानं मी एकटाच पोखरला गेलो असतो तर निदान तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याची झळ दुसऱ्यांना बसली. त्या हिवाळ्यात मी उधारी वसुलीला निघालो. लोणीच्या बाजूचा एक शेतकरी, वयानं माझ्याहून मोठा, सखाराम महाराजांचा भक्त. तो आपणहून दुकानात आला आणि चार गिऱ्हाईकांच्या देखत म्हणाला, "भाऊ, यंदा नाई जमत. सोयाबीन काळं पडलं. पुढच्या हंगामात देतो. तुमाले खोटं सांगत नाई." मी त्याला बोललो, "यात्रेला जायला पैसे हायेत, अन् माझे द्यायले नाई?" तो काही बोलला नाही. टोपी नीट केली, पायरी उतरला आणि गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, प्रभूचा एक दाखला आहे. राजानं ज्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं, तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. या दाखल्यावर मी स्वतः तरुण संघाला शिकवलं होतं. स्वतः चोरी केलेली असताना मी खऱ्या माणसाचा गळा धरला, आणि त्या क्षणी मला तो दाखला आठवलासुद्धा नाही.

मनाची तगमग वाढली तशी मी सभा वाढवल्या. वाशीम, मेहकर, अकोला, जिथं संजीवन सभा असेल तिथं जायचो. दुकानात दिवसभर मोबाइलवर भक्तिगीतं लावून ठेवायचो. सभेत दोन-तीन तास बरं वाटायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं, सगळं हलकं हलकं व्हायचं. परत येताना रिसोडची वेस दिसली की छातीवर पुन्हा दगड. त्या दोन-तीन तासांनाच मी शांती समजत होतो. दुखणाऱ्या दाढेवर लवंग ठेवावी तसं ते होतं. ठणका थांबायचा, कीड आत खातच राहायची. गाण्यांचा त्यात दोष नाही. ना. वा. टिळकांची भजनं आमच्या मंडळ्यांत शंभर वर्षं गायली जातात, आणि त्यांनी कित्येकांना खरा आधार दिला आहे. मी मात्र ती मनातला आवाज दाबण्यासाठी वापरत होतो.

अशाच एका आरोग्य सभेत वक्त्यानं सांगितलं की ज्याचा पूर्ण विश्वास आहे त्यानं गोळ्यांच्या आधारानं जगू नये. मला बरीच वर्षं बीपीचा त्रास. मी गोळ्या बंद केल्या. मला बरं व्हायचं होतं, पण त्याहून जास्त काहीतरी दाखवायचं होतं. एवढा विश्वास दाखवला तर देव बाकीचंही मिटवील, असा तो दुसरा सौदा. उन्हाळा तोंडावर आला आणि एका सकाळी दुकान उघडताना नाकातून रक्ताची धार लागली. बायकोनं मला वाशीमला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी हो म्हणालो. बायको म्हणाली, "नाई साहेब, बंद केल्या त्यायनं." मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "झोप लागते का?" त्यावर मला रडूच फुटलं. अनोळखी माणसापुढे, पेशंटांची रांग लागलेली असताना, मी हुंदके देऊन रडलो.

परतीच्या वाटेवर मला सारखी आजी आठवत होती. ज्या लोकांनी आम्हाला येशूचं नाव दिलं त्यांनीच वाशीमला दवाखाना बांधला. डॉ. स्पायकर तिथं चार दशकांच्या आसपास राबल्या. त्या प्रार्थना करत होत्या आणि शस्त्रक्रियाही करत होत्या. त्यांना त्यात विरोध दिसला नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, हे नव्या करारातच लिहिलं आहे. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवानं त्याला आधी बोध केला नाही. आधी झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. देव शरीराची एवढी काळजी घेतो, आणि मी त्याच्या नावानं स्वतःच्या शरीराचे हाल करत होतो.

तरीही मी बोललो नाही. भीती वाटत होती. त्या काळात एकदा दुकानाचं शटर आतून ओढून मी अंधारात बसलो होतो, आणि माझ्या मनात जगू नये असे विचार आले. हे मी लपवत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात असे विचार मनात घेऊन फिरणारी माणसं माझ्या दुकानात रोज येतात. मुलाचा फोन आला, जेवायला या म्हणून, आणि मी उठलो. त्या फोनला मी देवाचा हात मानतो.

मग एके दिवशी बायकोला दुकानाच्या खणात मंडळीचं पासबुक सापडलं. ती बिलं लावत होती. तिनं ते माझ्यापुढे टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे मंडळीचं हाये ना? यात तर काईच नाई." मी नेहमीप्रमाणे काहीतरी जुळवायला लागलो. तिनं हात वर केला. "मले खोटं सांगू नका. तुमी रात्री उठून बसता, मी जागीच असतो." मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंडळीले सांगा. मंडळी काय फाशी देते का तुमाले? हे असं जगणं म्हणजे फाशीच हाये."

आम्ही दोघं पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील, प्रार्थना करतील आणि मी मोकळा होईन. त्यांनी प्रार्थना नंतर केली. आधी वही मागितली. ओळ न् ओळ पाहिली. मग म्हणाले, "आधी सचिवांकडे जा, सही त्यांची होती. मग पंचांपुढे. मग मंडळीपुढे. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर प्रभूनं काय सांगितलंय? अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा." इतकी वर्षं मी अर्पण मोजत होतो. या वचनाचा माझ्याशी काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना त्यांनी कपाटातून पंडिता रमाबाईंच्या साक्षीचं पुस्तक काढून दिलं. ते मी त्या रात्री वाचलं. रमाबाईंचं नाव आम्ही किती आदरानं घेतो! दुष्काळात आईबाप गेले, मग भाऊ, मग नवरा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या मोकळेपणानं सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्या जिवाला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळायचा होता. तोवर त्यांनी शारदा सदन काढलं होतं, देशोदेशी व्याख्यानं दिली होती, त्यांच्याकडे बघून लोक विश्वासात बळकट होत होते. तरी त्यांनी हे छापून टाकलं. क्षमा आपल्या कर्तृत्वानं मिळवायची नसते, जसे आहोत तसे ख्रिस्ताकडे यायचं असतं, हे उमगल्यावर त्यांना शांती लाभली. पुढे केडगावात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना आसरा दिला. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. ही शांती दुःख न येण्याची नव्हती, आणि ती मोठी वाटण्यासाठी त्यांनी आपली आठ वर्षं झाकली नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांनीही 'स्मृतिचित्रे'त घरातली भांडणं, पैशाची चणचण, टिळकांचा राग हे सगळं उघडं ठेवलं. आमच्या थोर माणसांनी साक्ष दिली ती अशी. मी घरप्रार्थनेत दिली ती कोणाच्या चालीनं दिली होती?

त्या आठवड्यात मी सचिवांच्या घरी गेलो. ते माझे बालमित्र. त्यांनी ऐकलं, उठले आणि आतल्या खोलीत गेले. वहिनी चहा घेऊन आल्या, तो मी तसाच ठेवला. पंचांपुढे प्रश्न झाले, आवाज चढले, पोलिसांत जायचं का यावरही बोलणं झालं. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते.

रविवारी सकाळपासून पाऊस होता. टिनाच्या भोकांतून पाणी गळत होतं. पेटीवर प्लॅस्टिकचा कागद टाकला होता, बाकं सरकवून भिंतीकडे नेली होती, आणि मधल्या जागेत बादली ठेवली होती. मी उभा राहिलो. कागदावर लिहून नेलं होतं ते वाचायला लागलो आणि दोन ओळींनंतर कागद खिशात घातला. किती पैसे होते, कधी काढले, कशात घातले, हिशेब खोटा कसा वाचला, साक्ष खोटी कशी दिली, सगळं सांगितलं. देवानं माझी परीक्षा घेतली असं म्हणालो नाही. मी चोरी केली, असं म्हणालो. बादलीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज येत होता.

निंदणाला जाणारी ती म्हातारी सगळ्यांत आधी बोलली. तिच्या घामाचे पैसे त्यात होते, तिचा अधिकार मोठा. ती म्हणाली, "माये पैसे तुनं खाल्ले, मले वाईट वाटलं. देवानं माफ केलं तर मी कोण नाई म्हनणारी? पण पावती बुक आता दुसऱ्याच्या हाती दे बाप्पा." मला तिच्या बोलण्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. तिनं क्षमा केली आणि पुन्हा तोच विश्वास टाकायला ती बांधलेली नव्हती. क्षमा म्हणजे झालं ते झालंच नाही असं धरणं नव्हे. सगळेच तिच्यासारखे नव्हते. एक कुटुंब त्यानंतर कित्येक महिने आलं नाही. एका भावानं मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या साक्षीवर माया पोरानं विश्वास धरला होता." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी माल वाहायची गाडी विकली आणि पहिली मोठी रक्कम भरली. बाकीची फेड स्टँपपेपरवर लिहून दिली, हंगामाहंगामाला. मंडळीनं पोलिसांत न जाता पंचांच्या देखरेखीखाली वसुली ठरवली. जक्कयाची गोष्ट मी तेव्हा नव्यानं वाचली. प्रभू त्याच्या घरी उतरायला गेला, आणि जक्कयानं उठून सांगितलं की ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत करीन. त्यानं परत केलं म्हणून प्रभू त्याच्या घरी आला नाही. प्रभू आधी आला, आणि त्याच्यासमोर बसल्यावर जक्कयाला तो पैसा घरात ठेववेना. क्षमा आणि परतफेड यांचा हा क्रम मला आता नीट कळतो.

त्या रविवारी रात्री मला गाढ झोप लागली. परिस्थिती काही बदलली नव्हती. कर्ज तेवढंच होतं, अब्रू गेली होती, गावात चर्चा सुरू झाली होती. तरी झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता कोणी माझ्याविषयी काही शोधून काढील ही भीती उरली नाही. देवापुढे मी पहिल्यांदा माझ्या खऱ्या तोंडानं उभा होतो आणि त्यानं मला हाकललं नव्हतं. ख्रिस्ती विश्वासातली शांती मला कळली ती इतकीच. मी मोजून फेडू शकत नाही असं माझं देणं त्यानं वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतलं आहे, म्हणून मला ते लपवायची गरज नाही. आणि लपवायचं नाही, म्हणून जे फेडता येतं ते फेडायला मी मोकळा आहे.

आमच्यात एक समज खोलवर बसला आहे, की विश्वासणाऱ्यानं नेहमी हसतमुख असावं. मीही तो समज पसरवला. आता शास्त्र वाचतो तेव्हा मला त्याच्या उलट दिसतं. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते पाहा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं आपला जीव किती व्याकूळ आहे हे पेत्र, याकोब आणि योहान यांना सांगितलं आणि जागे राहा म्हणून विनवलं. देवाच्या पुत्रानं मित्रांपासून आपली तळमळ लपवली नाही. फिलिप्पै इथल्या मंडळीला शांतीविषयी लिहिणारा पौल तेव्हा कैदेत होता, आणि कैदेत असल्याचं त्यानं त्याच पत्रात सांगितलं आहे. शांत दिसण्याची धडपड मी सोडली, तेव्हा शांती यायला जागा झाली.

आता आमच्या मंडळीत हिशेब दर महिन्याला वाचला जातो, पासबुक सगळ्यांच्या हातांतून फिरतं, कोऱ्या चेकवर सही होत नाही. हे अविश्वासाचं लक्षण आहे असं काहींना वाटतं. मी म्हणतो, मोहात पडणाऱ्या माणसावर ही मोठी दया आहे. असा नियम 2021 मध्ये असता तर मी वाचलो असतो. स्लॅब उशिरा झाला, पण झाला.

दुकानात आता औषध मागायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी बघतो. कोणी हंगाम नसताना, पिकाचं नाव न सांगता विषारी औषध मागू लागला तर मी ते देत नाही, खुर्ची देतो. वचनं ऐकवत नाही. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, आणि त्यांनी जे काही चुकीचं केलं ते बोलायला लागल्यावर केलं, हे मी विसरत नाही. ऐकून घेतो, घरच्या माणसाला फोन लावतो. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस असते, मराठीतही बोलता येतं, तो क्रमांक मी गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. माझ्या गोळ्याही चालू आहेत, आणि त्या घेताना मी देवाचे आभार मानतो.

लोणीच्या बाजूच्या त्या शेतकऱ्याच्या घरी मी जाऊन आलो. चार माणसांत बोललो होतो, म्हणून त्याच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असतानाच माफी मागितली. त्यानं पुढच्या हंगामात, सांगितल्याप्रमाणे, उधारी चुकती केली.

सचिव मात्र अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. माझ्यामुळे त्यांच्या सहीला बट्टा लागला आणि त्यांनी पदाचा राजीनामा दिला. त्यांनी लवकर माफ करावं, अशी प्रार्थना मी काही दिवस केली, मग थांबवली, कारण तीही माझ्याच सोयीची होती. आता मी त्यांचं भलं मागतो. प्रभूनं मला क्षमा केली आहे हे खरं, पण त्याचा हवाला देऊन त्यांच्याकडून क्षमा वसूल करण्याचा मला हक्क नाही. ते दुखावलेले आहेत तोवर मी वाट पाहीन, समोर आले की नजर चुकवणार नाही, आणि मंडळीचा हप्ता ठरल्या तारखेला भरत राहीन.